ध्रुवण-सेन्सरचा कॅमेरा लघुग्रहांसाठी घ्यावा का? आयएमएक्स२५०एमझेडआरचं सविस्तर परीक्षण

सोनीचा आयएमएक्स२५०एमझेडआर हा सेन्सर मुळात कारखान्यांसाठी बनवलेला आहे. काचेतला ताण, चकाकत्या पत्र्यावरचा ओरखडा, प्लॅस्टिकच्या वेष्टनावरची सुरकुती त्याला चटकन दिसते. कारण त्याच्या प्रत्येक पिक्सेलवर अतिसूक्ष्म तारांची जाळी असते आणि ती ठरावीक दिशेने कंप पावणाराच प्रकाश आत सोडते. शेजारशेजारच्या चार पिक्सेलांत ही दिशा ०, ४५, ९० आणि १३५ अंश अशी असते. एका फोटोत चारही दिशांची मोजणी होते, फिरणारा एकही भाग लागत नाही. हा सेन्सर बसवलेले यूएसबी कॅमेरे आता अनेक कंपन्या विकतात आणि दुर्बीणवाल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: याने लघुग्रहांचं ध्रुवण, म्हणजे त्यांचा प्रकाश एका दिशेने किती जास्त कंप पावतो ते, मोजता येईल का?

येतं. पण सगळ्या लघुग्रहांचं नाही. काळे लघुग्रह आणि पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह यांच्यासाठी हा कॅमेरा खरोखर चांगला आहे. वेस्टासारख्या उजळ लघुग्रहासाठी मात्र तो एकट्याने पुरत नाही. आणि माहितीपत्रकात जो आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो, त्याच्यावर यातलं काहीच ठरत नाही.

मोजायचं किती असतं

लघुग्रहावरून परतणारा सूर्यप्रकाश अंशतः ध्रुवित असतो. किती, हे कला-कोनावर अवलंबून असतं. म्हणजे लघुग्रहावर उभं राहून पाहिलं तर सूर्य आणि पृथ्वी यांच्यात दिसणारा कोन. सूर्य, लघुग्रह आणि पृथ्वी ज्या प्रतलात आहेत त्याला लंब दिशेचं ध्रुवण जास्त असेल तर ते धन, प्रतलाच्या दिशेचं जास्त असेल तर ऋण. कोन शून्याजवळ असताना ध्रुवण शून्याजवळ असतं, ७ ते १० अंशांच्या आसपास ते ऋण बाजूला सर्वांत खोल जातं, साधारण २० अंशांना शून्य ओलांडतं आणि पुढे धन बाजूला चढत राहतं.

या वक्राची खोली, शून्य ओलांडायचा कोन आणि तिथला चढ यांवरून पृष्ठभाग ओळखता येतो. सेरेसची खोली सुमारे उणे १.७ टक्के, वेस्टाची जेमतेम उणे ०.६ टक्के, आणि ई वर्गातल्या फार उजळ लघुग्रहांची त्याहूनही कमी. पृष्ठभाग जितका काळा, तितकं ध्रुवण जास्त. काळ्या जमिनीत आत शिरलेला प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरण्याआधीच शोषला जातो. उजळ जमिनीत तो अनेकदा विखुरून बाहेर येतो आणि त्या गडबडीत दिशेचा ठसा पुसला जातो. म्हणूनच चढावरून अल्बेडो, म्हणजे पृष्ठभाग किती प्रकाश परतवतो ते प्रमाण, काढता येतो. चेल्लिनो आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दिलेल्या समीकरणात दर अंशाला ०.१ टक्के चढ घातला की अल्बेडो ०.२१ येतो. हा एस वर्गाच्या, म्हणजे खडकाळ लघुग्रहांचा नेहमीचा आकडा.

थोडक्यात, मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहांसाठी उपकरणाची चूक ०.१ टक्क्यावर आणावी लागते. कॅमेऱ्याची परीक्षा इथे आहे.

ठळक आकडा आणि खरा आकडा

माहितीपत्रक सांगतं की ५२५ नॅनोमीटरला विलोपन गुणोत्तर ३०० ला १ आहे. म्हणजे जाळी सोडते त्या दिशेचा प्रकाश ३०० भाग आत आला, तर आडव्या दिशेचा एकच भाग निसटतो. ऐकायला मोठं वाटतं. पण हिशेब करा: यामुळे मोजलेलं ध्रुवण खऱ्याच्या ९९.३ टक्के येतं. सेरेसच्या उणे १.७ वर हा फरक ०.०१ टक्क्याच्या आसपास. गुणोत्तर १०० ला १ असतं तरीही मापन खऱ्याच्या ९८ टक्के आलं असतं, आणि तेवढी चूक एका ध्रुवित मानक ताऱ्यावरून (ज्याचं ध्रुवण आधीच नक्की माहीत आहे असा तारा) सहज दुरुस्त होते. ही गुणाकाराची चूक आहे, आणि लहान संख्येला ती लहानच ठेवते.

घात करते ती बेरजेची चूक. तारा मुळीच ध्रुवित नसताना कॅमेरा ०.५ टक्के दाखवतो, आणि तो अर्धा टक्का वेस्टाला जवळजवळ गिळून टाकतो. या सेन्सरमध्ये असं खोटं ध्रुवण तीन वाटांनी येतं.

पहिली वाट: चार दिशांचे चार पिक्सेल आकाशाच्या एकाच बिंदूकडे पाहत नाहीत. ताऱ्याची प्रतिमा लहान असेल तर तिचा मध्य एखाद्या पिक्सेलवर पडतो आणि त्याच दिशेला जास्त प्रकाश मिळतो. पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा आहे. ४८० मिमी नाभीय अंतराच्या छोट्या अपवर्तकावर एक पिक्सेल १.५ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) होतो, तारा दोन पिक्सेलांतही मावतो, आणि खोटं ध्रुवण दहा-वीस टक्क्यांवर जाऊ शकतं. अशा दुर्बिणीवर हा कॅमेरा लावूच नये. २००० मिमीवर एक पिक्सेल ०.३६ विकलांचा होतो, हवेच्या थरथरीने तारा २.५ विकलांचा दिसत असेल तर ताऱ्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी ७ पिक्सेल होते. तिथे ही अडचण जवळपास संपते. त्याहून कमी मिळत असेल तर फोकस किंचित सोडा.

दुसरी वाट: सगळे पिक्सेल सारखे नसतात. समजा प्रत्येकाच्या प्रतिसादात १ टक्क्याची इकडची-तिकडची चूक आहे. ७ पिक्सेल रुंदीच्या ताऱ्यात प्रत्येक दिशेचे साधारण २८ पिक्सेल कामी येतात, म्हणून एका फोटोत त्याची चूक ०.१३ टक्क्यापर्यंत येते. तारा दर फोटोला १५–२० पिक्सेल सरकवत ३० फोटो घेतले की ती ०.०२५ टक्क्यावर उतरते. अचूक मागोवा घेणारं माउंट तारा तासभर एकाच पिक्सेलवर धरून ठेवत असेल, तर इथे तो गुण उपयोगाचा नाही, मुद्दाम सरकवा.

तिसरी वाट: फ्लॅट, म्हणजे पिक्सेलांतले फरक दुरुस्त करायला घेतलेला सारख्या उजळ पृष्ठभागाचा फोटो. या कॅमेऱ्याची सर्वाधिक मोजमापं इथे बिघडतात. संधिप्रकाशातलं आकाश हे फ्लॅटसाठी सवयीचं साधन, पण तेच आकाश सूर्यापासून ९० अंशांवर जोरदार ध्रुवित असतं. तो फ्लॅट वापरला की आकाशाचं ध्रुवण उलट्या चिन्हाने प्रत्येक लघुग्रहावर छापलं जातं. आकडे सुबक येतात, वारंवार तेच येतात, आणि चुकीचे असतात. फ्लॅट घ्यायचा तो दुधी पडद्यामागून सारखा प्रकाश देणाऱ्या पॅनेलवर, आणि तोही पॅनेल ०, ४५, ९० व १३५ अंशांत फिरवून, चारींची सरासरी करून. एलसीडी स्क्रीन तर मुळीच नको; तिचा प्रकाश जवळपास पूर्ण ध्रुवित असतो.

प्रकाश पुरतो का?

बहुतेकांना आधी हीच शंका येते, पण ती अडचण नाही. ०.१ टक्का गाठायला ० आणि ९० या जोडीत मिळून १० लाख इलेक्ट्रॉन लागतात, आणि ४५–१३५ जोडीत तेवढेच. २० सेंमीच्या श्मिट-कॅसेग्रेनवर, व्ही (हिरव्या-पिवळ्या प्रकाशाचा) फिल्टर लावून, सातव्या प्रतीच्या (तेजाचं माप; आकडा मोठा तितकं फिकट) लघुग्रहाकडून सेकंदाला ५० हजारांच्या आसपास इलेक्ट्रॉन मिळायला हवेत. म्हणजे पाऊण मिनिटात काम होतं. दहाव्या प्रतीला दहा-बारा मिनिटं. बाराव्या प्रतीला तासाहून अधिक, आणि मग आकाशाची चमक व सेन्सरचा स्वतःचा गोंधळ जाणवायला लागतो. २० सेंमीला आम्ही अकराव्या प्रतीपर्यंतच हा कॅमेरा सुचवू.

पिक्सेलची क्षमता सुमारे १०,००० इलेक्ट्रॉनची. सातव्या प्रतीला ५ सेकंदांचा फोटो निम्म्या भरावर येतो. तेवढंच भरा, वरच्या टोकाला सरळ रेषा वाकते आणि चार दिशांत ती सारखी वाकत नाही. कारखान्यांसाठीच्या आवृत्त्यांत सेन्सर थंड करायची सोय नसते. आपल्याकडच्या उन्हाळी रात्री तो चांगलाच तापतो, म्हणून कॅमेरा चालू करून अर्धा तास तसाच ठेवावा आणि डार्क (झाकण लावून घेतलेले फोटो) त्याच तापमानाला, तेवढ्याच कालावधीचे घ्यावेत.

जोडणी आणि सेटिंग

दुर्बीण सरळ अक्षावरची हवी: कॅसेग्रेन, श्मिट-कॅसेग्रेन किंवा लांब अपवर्तक. न्यूटोनियनचा ४५ अंशांतला दुय्यम आरसा स्वतःच काही टक्के ध्रुवण घालतो. डायगोनल आरसाही तेच करतो. तो काढून कॅमेरा थेट मागे लावा. फोकल रिड्यूसर नको: पिक्सेल मोठा होतो आणि काचेतला ताण वेगळा त्रास देतो.

ऑटो गेन, ऑटो एक्स्पोजर आणि गॅमा बंद. गेन शून्य, आउटपुट १२ बिट किंवा जास्त. ब्लॅक लेव्हल शून्याच्या थोडी वर, नाहीतर अंधारातली खालची टोकं कापली जातात आणि आकाशाची वजाबाकी चुकते. २×२ बिनिंग कधीही नको. त्यात चारही दिशा एकत्र मिसळतात आणि ध्रुवण कायमचं नाहीसं होतं. सॉफ्टवेअर या मोझॅकला रंगीत कॅमेऱ्याची बेयर मांडणी समजून रंग भरायला जातं, तेही बंद करा.

सोनीच्या मांडणीत वरच्या ओळीत ९० आणि ४५, खालच्या ओळीत १३५ आणि ० असतात. पण फिट्स (खगोलीय फोटोंचा नेहमीचा प्रकार) फाइल खालून वर वाचणारी सॉफ्टवेअर असतात. ती ओळी उलटवतात, मांडणी सरकते, आणि आडवी उलटापालट झाली तर ४५ व १३५ यांची अदलाबदल होऊन यूचं (या दोघांतल्या फरकाचं, गणित पुढे आहे) चिन्ह फिरतं. कॅमेऱ्यासमोर साधा रेखीय ध्रुवण फिल्टर धरून तो सावकाश फिरवा: फिल्टर ज्या बाजूला फिरतोय, मोजलेला कोनही त्याच बाजूला फिरला पाहिजे. ही पाच मिनिटांची चाचणी अख्खी रात्र वाचवते. फोटोचा भाग कापून घेत असाल तर सुरुवातीचा कोपरा सम संख्येवरच ठेवा.

व्ही फिल्टर घ्या, कारण लघुग्रहांच्या ध्रुवणाची बहुतांश जुनी मोजमापं याच पट्ट्यात आहेत. फिल्टरविना मोजलं तर लाल आणि अवरक्त भागात जाळी ढिली पडते, शिवाय तुलना कशाशी करायची हाही प्रश्न उरतोच.

रात्रीचा क्रम आणि गणित

प्रत्येक फोटोचे चार वेगळे फोटो करा: ०, ४५, ९०, १३५. मधल्या जागा भरायचा मोह टाळा. प्रत्येकात ताऱ्याचा मध्य स्वतंत्र शोधा, रुंदीच्या दीडपट ते दुप्पट त्रिज्येचं वर्तुळ घ्या, आणि आकाशाची चमक चारींत वेगवेगळी वजा करा. चांदण्या रात्री आकाश स्वतः ध्रुवित असतं, चंद्रापासून ९० अंशांवर तर सर्वाधिक. एकच सरासरी आकाश वजा केलं तर ते ध्रुवण लघुग्रहाला चिकटतं.

मग क्यू म्हणजे ० आणि ९० यांतला फरक भागिले त्यांची बेरीज. यू म्हणजे ४५ आणि १३५ यांचं तसंच.

आता सर्वांत मोलाची पायरी. ३० फोटोंनंतर संपूर्ण कॅमेरा ९० अंश फिरवा आणि पुन्हा ३० घ्या. आकाशातून आलेलं क्यू आणि यू चिन्ह बदलतं, सेन्सरचं खोटं ध्रुवण बदलत नाही. दोन्हींची वजाबाकी करून दोनने भागलं की सेन्सरची बेरजेची चूक निघून जाते. ४५ आणि १३५ अंशांवरही घेतलं तर चारही दिशांच्या पिक्सेलांची कामं एकमेकांत बदलतात आणि उरलेली चूकही उतरते. अंश कोरलेलं, न डुलणारं रोटेटर हवं. कोनातली १ अंशाची चूक दिशेत तेवढीच चूक देते.

दुर्बिणीचं स्वतःचं ध्रुवण मात्र यातून जात नाही, कारण ते कॅमेऱ्याच्या आधीच घडतं. त्यासाठी अध्रुवित मानक तारा लागतो: एचडी २१४४७ (पाचव्या प्रतीचा, ध्रुवण सुमारे ०.०५ टक्के) किंवा एचडी २१२३११. दिशा आणि परिणामकारकता तपासायला ध्रुवित मानक: एचडी १५४४४५ (३.७८ टक्के, ८८.८ अंश) किंवा एचडी १६१०५६ (४.०३ टक्के, ६६.९ अंश). दोन्ही छोट्या दुर्बिणीला पुरेसे तेजस्वी आहेत. एका रात्रीत दोन अध्रुवित आणि एक ध्रुवित तारा हे कमीतकमी. त्याशिवाय आलेला आकडा कोणाला दाखवू नये.

शेवटी हे सगळं प्रतलाच्या दिशेला वळवायचं. जेपीएल होरायझन्स या मोफत सेवेत आपलं ठिकाण, वेळ आणि लघुग्रहाचा क्रमांक द्या, आणि तक्त्यात २४ व २७ क्रमांकाच्या राशी मागा. २४ मध्ये कला-कोन मिळतो, २७ मध्ये सूर्यापासून लघुग्रहाकडे जाणाऱ्या रेषेचा आकाशावरचा दिशाकोन. तो कोन फाय धरला तर धन-ऋण ध्रुवण = उणे (क्यू × कोसाइन २फाय + यू × साइन २फाय). उदाहरणापुरतं: फाय ७० अंश, क्यू उणे १.१५, यू अधिक ०.९५ टक्के. उत्तर उणे १.४९. सोबत दुसरी राशीही काढा: क्यू × साइन २फाय वजा यू × कोसाइन २फाय. इथे ती उणे ०.०१ येते. ही दुसरी राशी सामान्य लघुग्रहासाठी शून्यच असली पाहिजे, आणि म्हणून ती उपकरणाची नाडी आहे. ती ०.३ टक्के आली तर तुमच्या मुख्य आकड्यातही तेवढीच चूक लपलेली आहे असं समजा, मग तो आकडा कितीही मनासारखा असो.

कुठे शोभतो, कुठे नाही

पहिला सराव चंद्रावर करा. शुद्ध अष्टमीच्या चंद्राचा कला-कोन ९० अंशांच्या आसपास असतो आणि काळी मैदानं उजळ पठारांपेक्षा ठळकपणे जास्त ध्रुवित दिसतात. एकाच फोटोत काळ्या-उजळ पृष्ठभागांचा नियम डोळ्यांसमोर उभा राहतो. हे दृश्य पाहायला तरी हा कॅमेरा शाळा-कॉलेजांच्या दुर्बिणींवर असावा असं मनापासून वाटतं.

पृथ्वीजवळचे लघुग्रह हे त्याचं खरं क्षेत्र. त्यांचा कला-कोन १०० अंशांच्याही पुढे जातो. फेथॉनचं ध्रुवण २०१६ मध्ये सुमारे १०६ अंशांना ५० टक्के मोजलं गेलं. इथे अर्ध्या टक्क्याची चूक कोणी विचारणार नाही. लघुग्रह वेगाने सरकत असतो, स्वतःभोवती फिरत असतो, पातळ ढग येत-जात असतात; आणि चारही दिशा एकाच क्षणी मोजल्या जात असल्याने यातलं काहीच आड येत नाही. या बाबतीत या किमतीत दुसरं काही इतकं सोपं नाही.

सेरेस आणि त्याच्यासारखे काळे लघुग्रह: वरचा सगळा क्रम पाळला तर जमतं. प्रतियुतीच्या (लघुग्रह आकाशात सूर्याच्या समोर असतो तेव्हाच्या) आधी-नंतर सुमारे तीन आठवड्यांनी ऋण खोली गाठता येते. धन बाजू मात्र सेरेसला जेमतेम मिळते, कारण पृथ्वीवरून त्याचा कला-कोन २३ अंशांच्या पुढे जातच नाही.

वेस्टाचं ध्रुवण तिच्या ५.३४ तासांच्या परिवलनात किंचित बदलतं. मुख्य पट्ट्यातलं ते फार सुंदर मोजमाप आहे, पण हा बदल ०.१ टक्क्याच्या घरातला. त्यासाठी हा कॅमेरा घेऊ नका. बार्बेरियन म्हणवले जाणारे एल वर्गाचे लघुग्रह, ज्यांचं ध्रुवण २० ऐवजी २८–३० अंशांना शून्य ओलांडतं (पहिला २३४ बार्बरा, २००६ मध्ये ओळखला गेला), बहुतेक फिकट असतात. त्यांना मोठी दुर्बीण हवी.

त्याच पैशांत दुसरं काय

ध्रुवण कॅमेरा साध्या मोनो कॅमेऱ्यापेक्षा बराच महाग पडतो. थंड होणारा मोनो सीमॉस कॅमेरा तुमच्याकडे आधीच असेल तर सावार प्लेट आणि ध्रुवणाची दिशा फिरवणारी अर्धतरंग प्लेट घेणं जास्त शहाणपणाचं. सावार प्लेट प्रत्येक ताऱ्याच्या शेजारी-शेजारी दोन प्रतिमा बनवते, एकमेकींना लंब दिशेच्या. अर्धतरंग प्लेट ०, २२.५, ४५ आणि ६७.५ अंशांवर फिरवून चार फोटो घेतले की दोन प्रतिमांच्या गुणोत्तरातून पिक्सेलांचा फरक, ढग, फ्लॅटमधली चूक हे सगळं आपोआप कटतं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने १९९० च्या दशकात बांधलेला इम्पोल हा ध्रुवणमापकही दोन प्रतिमा आणि फिरती अर्धतरंग प्लेट याच तत्त्वावर चालायचा. फक्त त्यात सावारऐवजी वोलास्टन प्रिझम होता. वोलास्टनला समांतर झोत लागतो, म्हणून घरच्या जोडणीला सावारच बरी.

अगदी स्वस्तात करायचं असेल तर फिरवता येणारा एकच रेखीय फिल्टर, आणि त्याच फोटोतल्या ताऱ्यांशी लघुग्रहाची तुलना. तारे सहसा फारच कमी ध्रुवित असतात, त्यामुळे ढगांची चढउतार त्यांच्यावरून कटते. ५ टक्क्यांच्या वरच्या ध्रुवणाला हे पुरतं. फोटोग्राफीचा सीपीएल (वर्तुळाकार ध्रुवण फिल्टर) वापरलात तर त्याची पुढची बाजू आकाशाकडेच ठेवा; उलटा लावला तर तो ध्रुवण मोजतच नाही.

आणि ध्रुवण कॅमेरा आधीच घेतलेला असेल, तर रोटेटरवर खर्च करण्याआधी त्याच्यापुढे २५ मिमीची अर्धतरंग प्लेट बसवता येते का पाहा. सेन्सरचा कर्ण ११ मिमी आहे. एफ/१० झोतात प्लेट ६० मिमी पुढे ठेवली तर तिथे झोत १७ मिमीचा होतो, म्हणजे कडा कापल्या जात नाहीत. प्लेट ४५ अंश फिरली की ध्रुवण ९० अंश फिरतं, कॅमेरा जागचा हलत नाही, आणि तारा त्याच पिक्सेलांवर राहतो, त्यामुळे वजाबाकी कितीतरी स्वच्छ होते. झीरो-ऑर्डर प्लेटच घ्या, ५५० नॅनोमीटरच्या जवळची. मल्टिऑर्डर प्लेट व्ही फिल्टरच्या रुंदीत आपलं काम विसरते.